बिलातले ९० सेंट आणि टाऊनशिपचे ९११ केंद्र : खर्च नेमका कोण उचलतो?

प्रश्न : रॅरिटनकाठचा

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागातील एका टाऊनशिपमध्ये, म्हणजे छोट्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत, मी राहतो. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे कॉल घेणारे टाऊनशिपचे स्वतःचे केंद्र पोलीस ठाण्याच्या इमारतीत आहे. ते बंद करून कॉल घेण्याचे आणि गाड्या रवाना करण्याचे सारे काम काउंटीच्या (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) केंद्राकडे सोपवावे, असा प्रस्ताव सध्या काउन्सिलपुढे आला आहे. कारण खर्चाचे सांगितले जाते. केंद्रातील कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा यांचा भार मालमत्ता करावर पडतो, आणि त्या कराबद्दल या राज्यात कोणाला काही नव्याने सांगायला नको.

माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या घरातील प्रत्येक मोबाइलच्या बिलात ९११च्या नावाने दरमहा ९० सेंट लावलेले असतात. ज्या सेवेच्या नावाने हे पैसे घेतले जातात, त्याच सेवेसाठी टाऊनशिप पुन्हा मालमत्ता करातून पैसे का काढते? सभेत हा प्रश्न विचारल्यावर "तो निधी आपल्यापर्यंत येत नाही" एवढेच उत्तर मिळाले आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. तो निधी येत नसेल तर जातो कुठे, इतर राज्यांत हीच पद्धत आहे का, आणि काउंटीत विलीन झाल्याने खर्च खरोखर कमी होतो का, याविषयी जाणकारांनी लिहावे. महाराष्ट्रातील ११२ सेवेचा खर्च कसा चालतो, हेही कोणी सांगितले तर तुलना करता येईल.

उत्तर : हिशेबनीस

मी न्यू जर्सीतच स्थानिक संस्थांच्या अंदाजपत्रकांचे काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

हे ९० सेंट २००४ च्या राज्य कायद्याने लावलेले आहेत. स्थिर फोनच्या जोडण्या, मासिक बिलाचे मोबाइल क्रमांक आणि इंटरनेटवरून चालणारे फोन यांवर ते आकारले जातात. फोन कंपनी ते गोळा करून राज्याच्या तिजोरीतील एका स्वतंत्र निधीत भरते. या आकारणीतून राज्याला वर्षाला साधारण १२ कोटी डॉलर मिळतात. आता त्या कायद्यातील आकारणीचे पूर्ण नाव पाहावे : ते '९११ यंत्रणा आणि आपत्कालीन प्रतिसाद' असे आहे. 'आणि'च्या पुढचे दोन शब्द विधिमंडळाने मुद्दाम घातलेले आहेत. 'आपत्कालीन प्रतिसाद' म्हटले की त्यात राज्य पोलीस येतात, अंतर्गत सुरक्षेचे कार्यालय येते, नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाला लागणारा काही खर्चही येतो, आणि प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग याच खात्यांच्या चालू खर्चाकडे जातो. राज्यभर कॉल वाहून नेणाऱ्या ९११ जाळ्याचा खर्च राज्य सरकार यातूनच भागवते, हेही खरे आहे. पण हेडफोन लावून बसलेल्या माणसाचा पगार मात्र टाऊनशिप किंवा काउंटी देते आणि तो मालमत्ता करातून येतो.

म्हणून सभेत मिळालेले उत्तर तोकडे असले तरी खोटे नव्हते. यात चोरीही नाही, कारण राज्याचा कायदाच तशी मुभा देतो. वॉशिंग्टनचे संघीय सरकार मात्र ते मान्य करत नाही. २००८ च्या एका संघीय कायद्याने संघीय दूरसंचार आयोगावर (एफसीसी) अशी जबाबदारी टाकली की, कोणत्या राज्याने ९११च्या नावाने किती पैसे गोळा केले आणि किती दुसरीकडे वळवले, याचा अहवाल त्याने दरवर्षी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडावा. त्या अहवालांत निधी वळवणारी राज्ये म्हणून न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क ही नावे वर्षानुवर्षे येत राहिली आहेत. ९११च्या पैशाचा योग्य वापर म्हणजे काय, याचे नियमही आयोगाने २०२१ मध्ये केले. कॉल घेणारी केंद्रे चालवण्याचा खर्च त्यात बसतो, पोलिसांचा सर्वसाधारण खर्च बसत नाही. पण आयोगाचे हात एवढ्यावरच थांबतात. राज्याने वळवलेला पैसा परत करायला लावण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

दंड बसतो तो आडवाटेने. संघीय अनुदान मागताना राज्याला आपण ९११चा पैसा इतरत्र वापरत नाही, असे लिहून द्यावे लागते. २०१९ मध्ये केंद्रांच्या आधुनिकीकरणासाठी सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर ३४ राज्यांना आणि दोन आदिवासी राष्ट्रांना (मूळ रहिवाशांच्या स्वशासित जमातींना) वाटण्यात आले, तेव्हाही हीच अट होती. म्हणजे आपल्या राज्याने पैसा वळवला, तर नुकसान आपल्याच गावातील केंद्राचे होते, आणि गावाने त्यात काहीही केलेले नसते.

आता टाऊनशिपचा खर्च एवढा का, हे पाहू. केंद्र चोवीस तास चालते. वर्षात ८,७६० तास असतात. एक कर्मचारी सुट्ट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता फार तर १,७०० ते १,८०० तास प्रत्यक्ष खुर्चीत बसतो. म्हणजे एक खुर्ची वर्षभर भरलेली ठेवायची तर पाच माणसे नेमावी लागतात. एकाने कॉल घ्यायचा आणि दुसऱ्याने रेडिओ सांभाळायचा, म्हणून दोन खुर्च्या धरल्या तर दहा माणसे झाली. गावात रात्रभरात तीनच कॉल आले तरी दहाच माणसे, आणि तीस आले तरी दहाच. शिवाय २०१० च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थांना मालमत्ता कराची एकूण आकारणी वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडता. विम्याचे हप्ते त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. मग काउन्सिलची नजर ज्या विभागात दहा पगार आहेत आणि जो काउंटीकडे देता येतो, त्याच्याकडे वळते, यात नवल नाही. २००७ चा सामायिक सेवांचा कायदा अशा विलीनीकरणाला उत्तेजनच देतो.

उत्तर : शुगरलँडकर

मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका शहराच्या केंद्रात कॉल घेण्याचे काम करते. आमच्याकडची व्यवस्था सांगते, म्हणजे न्यू जर्सीची पद्धत हीच एकमेव नाही, हे लक्षात येईल.

टेक्सासमध्ये मोबाइलवर दरमहा ५० सेंट लागतात आणि प्रीपेड फोनवर खरेदीच्या वेळीच २ टक्के घेतले जातात. मोबाइलचा पैसा राज्याच्या वित्त नियंत्रकाकडे जमा होतो खरा, पण तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. काही भागांत तो प्रादेशिक नियोजन मंडळांकडे जातो, तर मोठ्या शहरांभोवती आपत्कालीन संपर्क जिल्हे आहेत, त्यांच्याकडे जातो. हे जिल्हे म्हणजे काउंटीही नव्हे आणि शहरही नव्हे. कायद्याने निर्माण केलेल्या या वेगळ्या स्थानिक संस्था आहेत. त्यांचे स्वतःचे संचालक मंडळ असते आणि त्यांनी फक्त ९११चेच काम करायचे असते. ह्यूस्टन परिसरातील असा जिल्हा १९८० च्या दशकात मतदारांच्या संमतीने स्थापन झाला. जाळे, आमच्या टेबलावरचे संगणकाचे पडदे, नकाशे आणि प्रशिक्षण यांचा खर्च जिल्हा करतो. माझा पगार मात्र शहरच देते. म्हणजे एवढी बरी व्यवस्था असूनही माणसांचा खर्च स्थानिक करावरच आहे. कॅलिफोर्नियातही साधारण हेच दिसते, तिथेही राज्याच्या निधीतून यंत्रसामग्री येते आणि खुर्चीतील माणूस शहराचा किंवा काउंटीचा असतो.

यामागे जुने कारण आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावी पहिला ९११ कॉल झाला, तेव्हा तार आणि यंत्रे स्थानिक टेलिफोन कंपनीची होती आणि फोन उचलण्याची जागा पोलीस ठाण्यात होती. देशभर ९११ पसरले ते याच वाटणीने. यंत्राचा खर्च ग्राहकाच्या बिलातून काढायचा आणि माणसाचा गावाच्या तिजोरीतून, अशी सवय तेव्हापासून पडली. सुरुवातीला यंत्रे महाग होती आणि उचलणारा पोलीस शिपाई ठाण्यात असायचाच, त्यामुळे कोणाला ते खटकले नाही. आज चित्र उलटे आहे. माणसांवर होणारा खर्च यंत्रांपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे, आणि अधिभाराची चौकट मात्र जुनीच आहे.

या कामाकडे सरकारी नजरेने कसे पाहिले जाते, तेही सांगते. संघीय कामगार सांख्यिकीच्या वर्गवारीत आमचा व्यवसाय कार्यालयीन साहाय्यकांच्या गटात मोडतो, पोलीस आणि अग्निशामक यांच्या संरक्षण गटात नाही. हे बदलण्यासाठी काँग्रेसमध्ये विधेयके पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत. ज्या माणसाला फोनवरून छातीवर दाब कसा द्यायचा हे मोजून सांगावे लागते, त्याला कारकून म्हणायचे आणि मग माणसे टिकत नाहीत म्हणून हळहळायचे, हे मला पटत नाही. केंद्रांनी ९० टक्के कॉल १५ सेकंदांच्या आत उचलावेत, असा राष्ट्रीय मानदंड आहे. खुर्च्या रिकाम्या असल्या की सगळ्यात आधी तोच मोडतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. भारतातून आलेल्या आईवडिलांना ९११ला फोन करायला शिकवताना पहिले वाक्य पत्त्याचे पाठ करून घ्यावे. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो, कारण कॉल मध्येच तुटला तरी गाडी निघालेली असते. "मराठी" एवढा शब्द उच्चारला तर दुभाष्याला जोडून घेता येते, पण त्यात वेळ जातो. आज बहुतेक कॉल मोबाइलवरून येतात आणि मोबाइलची जागा नकाशावर दिसते, हे खरे. तरी इमारतीतला मजला आणि घराचा क्रमांक सांगावाच लागतो.

रॅरिटनकाठचा

दोघांचेही मनापासून आभार. एक पुढचा प्रश्न आहे. राज्य आपले ९० सेंट ठेवून घेते तर ठेवो, पण मग काउंटीला किंवा टाऊनशिपला स्वतःचा छोटासा अधिभार लावता येणार नाही का? मालमत्ता करापेक्षा तो अधिक न्याय्य ठरेल असे वाटते, कारण भाड्याने राहणारेही फोन वापरतात.

उत्तर : हिशेबनीस

न्यू जर्सीत तो अधिकार स्थानिक संस्थांना नाही. फोनवरील आकारणी राज्याची आहे. इतरत्र मात्र नाना प्रकार आहेत. न्यू यॉर्कमध्ये राज्याचा मोबाइलवरील अधिभार दरमहा १ डॉलर २० सेंट आहे, त्यातला बराचसा भाग राज्याच्या सर्वसाधारण खात्यात मुरतो, आणि म्हणून काउंट्यांना स्वतःचे ३० सेंट वेगळे लावण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे एकाच बिलात दोन रेघा दिसतात आणि गावातील केंद्राला उपयोगी पडते ती लहान रेघ. इलिनॉयमध्ये राज्यभर दीड डॉलर आहे, पण शिकागो शहराला स्वतंत्र आकारणीचा अधिकार असल्याने तिथे २०१८ मध्ये ती दर जोडणीला दरमहा ५ डॉलर करण्यात आली. तिथला पैसा शहराकडेच राहतो, हे आपल्याला हवे तसेच वाटेल. मात्र अधिभार वाढवला की ९११साठी शहराच्या तिजोरीतून आधी जाणारी रक्कम मोकळी होते, आणि ती निवृत्तिवेतनाच्या थकबाकीकडे नेता येते. शिकागोने तसे केलेही. नियमाच्या अक्षराला त्यामुळे धक्का लागत नाही. म्हणून पैसा स्थानिक हातात असला म्हणजे तो कामालाच लागतो, असे मी तरी म्हणणार नाही.

मिसूरीचे उदाहरण याहून वेगळे आहे. २०१८ पर्यंत मोबाइलवर ९११चा अधिभारच नसलेले ते एकमेव राज्य होते. लोक घरचे फोन काढून टाकत गेले, तशी स्थिर फोनवरील आकारणी आटत गेली, आणि अनेक काउंट्यांनी मतदारांकडून विक्रीकरात भर घालण्याची संमती मिळवून केंद्रे चालवली. २०१८ च्या कायद्याने मोबाइलवर एक डॉलरपर्यंत आकारणीची परवानगी दिली, पण काउंटीतील मतदारांनी मान्य केली तरच. ज्या काउंटीत दुकाने नाहीत तिथे विक्रीकर तुटपुंजा पडतो आणि जिथे मोठा बाजार आहे तिथे बाहेरून खरेदीला येणारेही केंद्राचा खर्च उचलतात. आपण न्याय्यतेचा मुद्दा काढला म्हणून हे लिहिले. भाडेकरूला वगळणारा कर नसतोच म्हणा, कारण घरमालक तो भाड्यात घालतोच.

उत्तर : पाचवी गल्ली

मी आपल्याच काउंटीतील दुसऱ्या गावात राहतो आणि आमच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात काम करतो, म्हणून विरोधी बाजू मांडतो. खर्चाच्या या साऱ्या चर्चेत केंद्र म्हणजे नुसते कॉल घेण्याचे यंत्र असल्यासारखे बोलले जाते. आमच्या गावात एकाच नावाचा रस्ता नाल्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेला आहे. कोणत्या बाजूला गाडी पाठवायची, हे गावातला डिस्पॅचर, म्हणजे कॉल घेऊन गाड्या रवाना करणारा कर्मचारी, फोन करणाऱ्याला "किराणा दुकानाच्या बाजूला की शाळेच्या?" असे विचारून क्षणात ठरवतो. पथकातील कोण आज गावात नाही, हेही त्याला ठाऊक असते. काउंटीच्या सभागृहात बसलेल्या परक्या माणसाला हे कसे कळणार? शिवाय एकदा केंद्र बंद केले की रेडिओची यंत्रे, परवाने आणि अनुभवी माणसे सगळेच जाते. पुढे काउंटीने वर्गणी वाढवली तर परतीची वाट राहत नाही.

उत्तर : शुगरलँडकर

पाचवी गल्ली यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धाच. तुटलेल्या रस्त्याची माहिती माणसाच्या डोक्यात असणे ही सोय आहे तशी जोखीमही आहे, कारण तो माणूस रजेवर गेला की ती माहितीही रजेवर जाते. ती पत्त्यांच्या यादीत आणि नकाशात उतरलेली असली पाहिजे. अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांत पूर्वी घरांना रस्त्याचा पत्ता नसायचा, टपालाच्या मार्गाचा आणि पेटीचा क्रमांक असायचा. ९११ आले तेव्हा रस्त्यांना नावे देऊन घरांना क्रमांक लावण्याचे काम काउंट्यांनी हाती घेतले, आणि पुष्कळ ठिकाणी तो खर्च अधिभाराच्या पैशातूनच झाला. हे काम स्थानिक संस्थेखेरीज कोणी करू शकत नाही आणि विलीनीकरणानंतरही ते टाऊनशिपकडेच राहते. नवी वसाहत झाली, की तिचे पत्ते काउंटीला वेळेवर कळवणारा माणूस टाऊनशिपमध्ये असला पाहिजे.

मोठ्या केंद्राचा एक खरा लाभ असा की, महामार्गावर अपघात झाला आणि चाळीस जणांनी एकाच वेळी फोन लावले, तर दोन खुर्च्यांचे केंद्र तिथेच गुदमरते. त्या क्षणी गावात कोणाला हृदयविकाराचा झटका आला, तर त्याचा कॉल रांगेत एकेचाळिसावा असतो. हद्दीवरचा त्रासही कमी होतो. मोबाइलचा कॉल मनोऱ्यावरून मार्गी लागत असल्याने शेजारच्या गावच्या केंद्रात जाऊन पडतो आणि मग तो इकडून तिकडे द्यावा लागतो. मनोऱ्याऐवजी फोन प्रत्यक्ष कुठे आहे त्यावरून मार्ग ठरवावा, असा आदेश दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांना दिला आहे, पण एकाच काउंटीतील गावांना एकच केंद्र असेल तर आपसातला हा घोळ मुळातच उरत नाही.

उत्तर : निवृत्त अग्निशामक, ठाणे

महाराष्ट्राविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो.

आपल्याकडे फोनच्या बिलात अशी रेघच नाही. बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि तो सर्वसाधारण महसुलात जातो. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी ५ टक्के घेतले जातात, त्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात, पण तो मनोरे आणि जोडण्यांसाठी आहे, कॉल उचलणाऱ्यासाठी नाही. ११२ची उभारणी केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून झाली. हिमाचल प्रदेशात २०१८ मध्ये ती पहिल्यांदा सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०२१ पासून चालते. राज्यभरातील कॉल आधी नवी मुंबईच्या केंद्रात जातात, दुसरे केंद्र नागपूरला आहे, आणि तिथून ते जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे आणि गस्तीच्या गाडीतील पडद्यावर पोहोचतात. म्हणजे आपण ज्या विलीनीकरणाचा वाद घालत आहात, तो महाराष्ट्रात काउंटी ओलांडून थेट राज्याच्या पातळीवर एका झटक्यात उरकला गेला. हा निर्णय कोणत्याही नगरपालिकेच्या सभेपुढे आला नव्हता.

रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आरोग्य विभागाचा आहे. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह तो सुरू झाला, नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला आहे आणि ती सेवा खासगी कंपनी कंत्राटावर चालवते. पालिकेच्या वाट्याला उरते ते अग्निशमन. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा उल्लेख आहे, त्यामुळे १०१ उचलणारा माणूस महापालिकेचा असतो. मुंबईत तो भायखळ्याच्या मुख्यालयात बसतो, आणि आपत्ती व्यवस्थापनाचा १९१६ हा क्रमांक वेगळा आहे, तोही महापालिकेचाच. पैसा येतो सर्वसाधारण अंदाजपत्रकातून, आणि २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतींकडून शुल्क घेण्याची तरतूद केलेली आहे. ही तरतूद कागदावर सोपी दिसते. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये इमारतींकडून अग्निसेवा शुल्क वसूल करायचे ठरवले, तेव्हा एवढा विरोध झाला की तो निर्णय स्थगित ठेवावा लागला. लहान नगरपंचायतींची तर गोष्टच सोडा. तिथे बंब असतो, चालक असतो, पण रात्री फोन कोण उचलणार, याचे उत्तर अनेकदा चालकाचा मोबाइल हेच असते.

एक स्थानिक प्रयोग मात्र सांगण्याजोगा आहे, आणि अमेरिकेतील मंडळींना तो ठाऊक नसावा. नाशिक, पुणे, नगर या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. नोंदणी केलेल्या मोबाइलवरून एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून गावकऱ्याने आपला निरोप बोलायचा, आणि तोच आवाज गावातील सगळ्यांच्या मोबाइलवर कॉल म्हणून त्याच क्षणी वाजतो. बिबट्या शिरला, चोर आले, विहिरीत कोणी पडले, वस्तीवर आग लागली, की पोलिसांची गाडी तालुक्याहून येईपर्यंत गावच धावून जाते. ज्या गावांनी ही यंत्रणा घेतली तिथे वर्गणी ग्रामपंचायत आपल्या निधीतून भरते. ग्रामसभेत ठराव होतो, खर्च सगळ्यांसमोर वाचला जातो, आणि पटला नाही तर पुढच्या वर्षी बंद करता येतो. ही यंत्रणा ११२ची जागा घेऊ शकत नाही, कारण निरोप गावाला कळला तरी बंदूक आणि बंब गावाकडे नसतो. पण खर्च करणारा आणि फोन करणारा एकच असल्यामुळे पैसे कुठे गेले, हा प्रश्न तिथे उभा राहत नाही.

रॅरिटनकाठचा

ग्रामसुरक्षा यंत्रणेची माहिती मला खरोखरच नवी होती. पुढील सभेत प्रस्तावावर मत मांडण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात नेमके काय विचारावे?

उत्तर : हिशेबनीस

९० सेंटांवर ती तीन मिनिटे घालवू नका, कारण त्यावर काउन्सिलचा अधिकार नाही. तो विषय आपल्या विधिमंडळ सदस्याकडे लेखी न्यावा. सभेत कराराविषयी विचारावे. काउंटी आकारणी कशावर करणार आहे, कॉलच्या संख्येवर, लोकसंख्येवर की मालमत्तेच्या मूल्यावर? पहिल्या वर्षीची सवलत संपल्यावर वर्गणी किती वाढू शकते, याला मर्यादा लिहिलेली आहे का? कॉल उचलण्याच्या वेळेचे आकडे दरमहा टाऊनशिपला मिळणार का, आणि ते घसरले तर करारातून बाहेर पडता येईल का? रेडिओची यंत्रे आणि परवाने विकायचे की राखून ठेवायचे?

आणि बचतीचा आकडा दाखवला जाईल तेव्हा एक गोष्ट अवश्य तपासावी. आपल्या टाऊनशिपचा डिस्पॅचर रात्री केवळ कॉल घेत नाही. ठाण्याच्या खिडकीवर आलेल्या माणसाशी तोच बोलतो, कोठडीतील कैद्यावर कॅमेऱ्यातून लक्ष तोच ठेवतो, पाण्याची वाहिनी फुटली की सार्वजनिक बांधकामाच्या माणसाला तोच उठवतो. काउंटीचे केंद्र यातले काहीच करणार नाही. मग ही कामे करण्यासाठी रात्रपाळीला कोणीतरी ठेवावेच लागते, आणि तो पोलीस अधिकारी असेल तर डिस्पॅचरपेक्षा महाग पडतो. विलीनीकरणाच्या अहवालांत हा खर्च दुसऱ्या विभागाच्या पानावर जातो. म्हणून दोन्ही पाने एकत्र मागावीत, आणि काउंटीला द्यायची वर्गणी व ठाण्यात मागे उरणारी रात्रपाळी यांची बेरीज आजच्या दहा पगारांशी ताडून पाहावी.